दादासाहेबांनी दाखविलेला चेहरा

सराफी पेढीचे उद्घाटन असो की गणेशोत्सवातील महाआरती, पडद्यावरचा एखादा परिचित चेहरा आणल्यावाचून समारंभास शोभा येत नाही, अशी आयोजकांची हल्ली खात्रीच झालेली दिसते. त्या चेहऱ्याच्या दर्शनासाठी नाशिककर रस्ते अडवून उभे राहतात. या देशाला पडद्यावरचा चेहरा पाहावयास ज्याने शिकविले, तो गृहस्थ याच जिल्ह्यात जन्मला आणि याच शहरी १६ फेब्रुवारी १९४४ रोजी जवळजवळ विस्मृतीत निवर्तला, याचे स्मरण त्या गर्दीत कितीजणांना असेल?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री. चिरंजीवांनी मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण आत्मसात केले. पुढे मुद्रणव्यवसायात राजा रविवर्मा यांच्या देवादिकांच्या रंगीत छापील चित्रांशी त्यांचा संबंध आला. लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरी एकच ठरीव मुद्रा या चित्रांनीच दिली होती. ती मुद्रा हलती करण्याचे कार्य फाळक्यांच्या हातून व्हावयाचे होते.

ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांना ध्यास लागला, १९१२ मध्ये ते विलायतेस जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, शिवाय फितीला छिद्रे पाडण्याचे कामही केले. त्यांचा चेहरा कोणी पाहिला नाही. नटांसाठी दिलेल्या जाहिरातीला आलेली माणसे पाहून, कुरूपांनी येऊ नये अशी पुस्ती जोडण्याची पाळी दादासाहेबांवर आली, असे सांगतात. रूपाची चाळणी आमच्या चित्रसृष्टीत प्रारंभापासूनच होती, हे मान्य केलेले बरे. स्त्रिया मिळेनात, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातील साळुंके नावाचा स्वयंपाकी तारामती झाला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर तोच राम आणि तोच सीता! पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक हात जोडीत. नट आणि देव यांतील सीमारेषा पुसली जाण्यास तेथेच सुरुवात झाली.

पण दादासाहेबांना या भुलीची जाणीव होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. कथेला आरंभ होण्यापूर्वी तिचा साधा, वेषाविना चेहरा पडद्यावर दिसतो. ती एकामागून एक भाव मुद्रेवर आणते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही पोर आहे, आता तिचा देव होणार आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगून मग त्याला भुलविण्याचा हा प्रामाणिकपणा! चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी काढला होता. आजचा प्रसिद्धीव्यवसाय नेमके याच्या उलट चालतो. चेहरा घडविणारे हात लपवावयाचे आणि घडविलेला चेहरा जन्मजात म्हणून विकावयाचा. आता ही सोय प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली असून, मंदाकिनीच्या वयाच्या मुलीही छायाचित्रातली आपली कांती यंत्राकडून उजळून घेतात.

नाशिकच्या हिंदुस्थान कंपनीतील भागीदारांशी दादासाहेबांचे पटले नाही. काही काळ ते काशीला जाऊन राहिले आणि परतले. १९३१ मध्ये बोलपट आला व त्यांचे युग सरले. ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९६९ पासून त्यांच्या नावे शासन सर्वोच्च चित्रपट पुरस्कार देते. त्या प्रसंगी वृत्तपत्रांत छायाचित्र अर्थातच पुरस्कार घेणाऱ्याचे असते.

‘कालियामर्दन’ची फीत सुदैवाने बरीचशी शिल्लक आहे. नाशिकच्या शाळांतून निदान मंदाकिनीची ती आरंभीची काही मिनिटे वर्षाकाठी एकदा दाखविण्यास कोणाची हरकत असावी?