दानशूर डेव्हिड ससून

परभणी जिल्ह्यातून पुण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तेथील ससून रुग्णालय पाहिले असेल. परंतु ज्यांचे नाव त्यास आहे ते गृहस्थ कोण, हे थोड्यांसच ठाऊक असते. पुणे कॅम्पातील जुन्या वास्तू पायी हिंडून दाखविणारे वाटाडे पाहुण्यांस ओहेल डेव्हिड नावाच्या यहूदी सभास्थानापाशी नेतात. तांबड्या विटांच्या ह्या उंच मनोऱ्याच्या इमारतीस लोक लाल देऊळ म्हणतात. तिच्याच आवारात डेव्हिड ससून ह्यांची कबर आहे. त्या कबरेपाशी उभे राहणाऱ्यास हे चरित्र माहीत असावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

डेव्हिड ससून ह्यांचा जन्म इ. स. १७९२ साली बगदाद शहरी झाला. त्यांचे वडील तेथील पाशांचे खजिनदार व यहूदी समाजाचे पुढारी होते. पुढे दाऊद पाशाच्या जुलमामुळे ह्या संपन्न घराण्यास जन्मभूमी सोडणे भाग पडले. इराणी आखातावरील बुशायर बंदरात काही काळ काढून डेव्हिड ससून सहकुटुंब इ. स. १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक शतकानुशतके ह्या देशी नांदत होते. ससून हे मात्र अरबी बोलणारे नवे पाहुणे होते.

मुंबईत त्यांनी मोठ्या उद्योगाने व्यापार वाढविला. आठही पुत्रांस त्यांनी धंद्याचे शिक्षण दिले व इ. स. १८४४ मध्ये एका पुत्रास चीन देशी पाठविले. अमेरिकेत इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांस हिंदी कापसाची निकड भासली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांस अलोट द्रव्य मिळाले. त्यांत हेही घराणे होते. इतके वैभव येऊनही त्यांनी बगदादी पोशाख व शब्बाथाचे पालन कधी सोडले नाही.

त्यांचा दानधर्म स्वजातीपुरता नव्हता. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सभास्थान त्यांनी बांधिले, त्याचप्रमाणे लहानसहान गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांस हस्तव्यवसाय शिकवून मार्गावर आणणाऱ्या मुंबईच्या संस्थेस इ. स. १८५७ मध्ये साह्य केले. पुण्यात अनाथ व पंगू लोकांसाठी आश्रयस्थान आणि सर्व जातिधर्मांच्या रोग्यांसाठी रुग्णालय, ह्यांसही त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. ता. ७ नोव्हेंबर १८६४ रोजी ते पुण्यास निवर्तले. रुग्णालय व लाल देऊळ ही दोन्ही कामे इ. स. १८६७ मध्ये पुरी झाली; ती पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही.

येथेच लेखणी थांबविली असती, तर चरित्र गोड झाले असते, पण पुरे झाले नसते. ससून घराण्याच्या व्यापारात माळव्याची अफू हा एक मोठा जिन्नस होता. ती चीनमध्ये विकली जाई, आणि तिच्या व्यसनाने तेथील असंख्य संसार धुळीस मिळत. तत्कालीन इंग्रज सरकारास हा व्यापार मान्य होता, किंबहुना त्यावरील कराने सरकारचाच खजिना भरत असे. इतर अनेक प्रतिष्ठित व्यापारीही त्यात होते. तरीपण कायद्याने दोष काढला नाही एवढ्याने दुःख हलके होत नाही. पुण्यात ज्या पैशाने रोगी बरे झाले, त्यातील काही पैसा चीनमधील घरांस रोगी करून आला होता.

म्हणून त्यांचे औदार्य खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या रुग्णालयात गोरगरिबांनी घेतलेला उपचार खरा आहे, आणि परागंदा होऊन आलेल्या माणसाने आश्रय देणाऱ्या भूमीचे ऋण फेडले, हेही खरे आहे. परंतु एक खरे म्हणून दुसरे झाकू नये. दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आमचे विद्यार्थी जाणतात. तिने किती दिले एवढेच प्रभूने पाहिले नाही. ते कशातून दिले हेही पाहिले. मुलांनो, उद्या तुम्ही मिळवते व्हाल. देण्याची सवय ससूनशेटांपासून जरूर घ्या. पण देण्यापूर्वी मिळविण्याचा मार्गही तपासून पाहा.