वाळूवरचे विमान

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो नावाचे एक लहानसे गाव आहे. पॅरिसमध्ये २९ जुलै १९०४ रोजी जन्मलेला जहांगीर टाटा उन्हाळ्याच्या सुटीत आईवडिलांसह तेथे राहावयास जात असे. जवळच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. लाकूड, कापड व तारा यांचे ते चिमुकले विमान घरघरत वाळूवर उतरले, की जहांगीर भान हरपून पाहत राही. ते चालविणारे पेगू आकाशात कोलांट्या घेण्यात निष्णात होते. पुढे १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, विमानातून लढतानाच त्यांना मरण आले. जहांगीरची ओढ मात्र त्यामुळे कमी झाली नाही. पंधराव्या वर्षी त्याच गावी त्याला विमानातून एक फेरी मारावयास मिळाली आणि आपण वैमानिक व्हावयाचे, हे त्याने मनाशी पक्के केले.

परंतु ही इच्छा पुरी होण्यास दहा वर्षे लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीरजींना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १ !

पुढे भारत व इंग्लंड यांमधील एकट्याने करावयाच्या उड्डाणासाठी आगाखानांनी पारितोषिक ठेवले. कराचीहून निघालेल्या जहांगीरजींना इजिप्तमध्ये अबूकीर येथे अस्पी इंजिनियर हा उलट दिशेने येणारा तरुण स्पर्धक भेटला. स्पार्क प्लग नसल्याने तो अडकून पडला होता. जहांगीरजींनी आपल्याजवळचा प्लग त्याला देऊन टाकला. थोडक्या अंतराने पारितोषिक अस्पीनेच जिंकले. हाच अस्पी १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीरजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले. विमानात बिनतारी संदेशाची सोय नव्हती. वाटेत अहमदाबादेस बैलगाडीतून आलेले पेट्रोल भरून दुपारी ते अंधेरीजवळच्या जुहू येथील धावपट्टीवर उतरले. ती समुद्राला इतकी लागून होती, की पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि विमाने पुण्यास न्यावी लागत. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

त्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली, त्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जहांगीरजींनी लेपर्ड मॉथ हे जुने विमान पुन्हा कराचीहून आणून जुहूस उतरविले. जेट विमानांच्या काळात ते खेळण्याएवढे दिसत होते.