भीमरावांना कॉलेजात टिकवणारे केळूसकर गुरुजी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी तथागतांवर, परमपूज्य बाबासाहेबांवर, माता रमाईवर लेख असतात. ते असायलाच पाहिजेत. यंदा संपादक मंडळानं माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी मनाशी ठरवलं, की ज्यांचं नाव आपण भाषणात एका वाक्यात उरकतो त्या कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींवर लिहायचं. चौदा एप्रिलला कुणीतरी उठतो आणि सांगतो, केळूसकरांनी भीमरावांना बुद्धाचं चरित्र भेट दिलं. टाळ्या पडतात, पुढचा वक्ता उठतो. पण केळूसकरांनी दुसरंही एक काम केलं, आणि ते नसतं झालं तर भीमरावांचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं असतं, असं माझं मत आहे.

गुरुजींचा जन्म १८६० सालचा. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचं केळूस, त्यावरूनच आडनाव. ब्राह्मणेतर समाजातले. मुंबईत येऊन शिक्षक झाले आणि गिरगावात विल्सन हायस्कूलमध्ये शिकवू लागले. शाळामास्तरचा पगार तो केवढा! तरी हा माणूस रात्रीचा दिवा जाळून लिहीत होता. १८९६ साली तुकाराम महाराजांचं चरित्र लिहिलं, १८९८ साली गौतम बुद्धाचं, आणि १९०७ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र. तुकाराम, बुद्ध, शिवाजी. ज्या काळात बहुजनांच्या पोरांच्या हातात पोथ्या-पुराणांशिवाय काही पडत नव्हतं, त्या काळात त्यांनी निवडलेली ही तीन माणसं बघा. विद्वान म्हणून त्यांचं नाव झालं ते या ग्रंथांमुळे. पण मला त्यांच्यातला मास्तर जास्त मोठा वाटतो.

गिरगावात चर्नीरोडला बाग होती. शाळा सुटली की गुरुजी तिथं जाऊन वाचत बसायचे. त्याच बागेत एक मुलगाही रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. बाकीची पोरं खेळतायत, हा आपला वाचतोय. एक दिवस गुरुजींनी त्याला नाव-गाव विचारलं. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, सुभेदार रामजी सकपाळांचा धाकटा, महार जातीचा. तेव्हाच्या पुष्कळ भल्या माणसांनी जात ऐकून संभाषण तिथंच आवरलं असतं. गुरुजींनी काय वाचतोस ते विचारलं, काय वाचावं ते सांगितलं आणि आपल्याजवळची पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

मुलगा बागेत का बसायचा हे आपल्या गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. परळला डबक चाळीत सुभेदारांची एक खोली. तीच झोपायची, तीच स्वयंपाकाची, तीच अभ्यासाची. भांडीकुंडी, सरपण, उशाशी जातं आणि पायाशी शेळी. सुभेदार रात्री दोनला मुलाला उठवायचे, कारण तेव्हाच काय ती शांतता. सुभेदारांची पेन्शन पन्नास रुपये. पुस्तकाला पैसे कमी पडले की लेकींकडून उसने घ्यायचे, त्यांचे दागिने गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. भीमराव शिकले ते अशा घरात. त्यांच्या बहिणींची नावं, मंजुळा आणि तुळसा, आपल्या मुलींना माहीत हवीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वस्तीनं सत्कार केला. चरित्रकार धनंजय कीर लिहितात त्याप्रमाणे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि केळूसकरांनी त्या सभेत भीमरावांना बुद्धचरित्र दिलं. (हेच बोले पुढे १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढणारे, आणि १९२३ साली मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणणारे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या ठरावाच्या पायावर उभा राहिला.) पण बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत हकीकत थोडी वेगळी आहे. त्यांच्या आठवणीप्रमाणे सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दल होता आणि अध्यक्ष दादा केळूसकरच होते. एवढ्या-तेवढ्यानं मुलाचं डोकं फिरेल म्हणून सुभेदार सभेला तयारच नव्हते. तेव्हा लोक केळूसकरांकडे गेले. ते सुभेदारांचे स्नेही. त्यांनी थोडी हुज्जत घालून सुभेदारांना राजी केलं. मी काही इतिहास संशोधक नाही. दोन्ही हकीकती वाचकांपुढे ठेवतो. दोन्हीत एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे गुरुजींनी स्वतःच्या हातानं दिलेलं ते पुस्तक.

पोरानं ते पुस्तक नुसतं फळीवर ठेवलं नाही. वाचलं, आणि बापाला विचारलं की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे ग्रंथ का नाही दिलेत? हा सवाल घरात उठला तो एका शाळामास्तरच्या पुस्तकामुळे.

आता दुसरं काम. जानेवारी १९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. सत्कार झाला, हार पडले, पण हारानं फी भरता येत नाही. इंटर पास होईपर्यंत सुभेदारांची ओढाताण पार टोकाला गेली. पुढची दोन वर्षं कुठून काढायची? इथं पुष्कळ घरांत मुलाला सांगतात, झालं एवढं पुष्कळ झालं, आता नोकरी बघ. मीही बापाचं तोंड बघून दहावीनंतर बदली कामगार म्हणून खात्यात उभा राहिलो. मार्क वाईट नव्हते. पण फॉर्म कुठला, दाखला कुठला, तारीख कधीची, हे सांगणारं माणूस भेटलं नाही. भीमरावांना भेटलं.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड त्या सुमारास मुंबईत होते. आपल्या संस्थानात १९०६ साली सगळीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणारा हा राजा. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी मदत करीन, असं त्यांनी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत जाहीर केलं होतं. ही घोषणा हजारोंनी ऐकली असेल, वाचली असेल. केळूसकर गुरुजींनी ती लक्षात ठेवली. महाराजांची भेट मिळवली आणि भीमरावांना बरोबर घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, मुलानं नीट उत्तरं दिली, आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मंजूर झाली. सुभेदारांच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम! कॉलेजचे प्राध्यापक म्यूलर यांनीही पुस्तकं दिली, कपडे दिले, त्यांचे उपकारही विसरू नयेत.

यात गुरुजींनी पैसा किती घातला? मोठी रक्कम त्यांच्याकडे नव्हतीच. देणारा आणि लायक मुलगा या दोघांची गाठ घालून देणं, एवढंच त्यांनी केलं. राजाच्या दारात चाळीतला मुलगा एकटा गेला असता तर दरवानानं उभं केलं असतं का, सांगा. सोबत नाव असलेले, केस पिकत चाललेले गुरुजी होते, म्हणून दार उघडलं.

१९१३ च्या सुरुवातीला भीमराव बी.ए. झाले. फेब्रुवारीत सुभेदार वारले. त्याच वर्षी पुन्हा बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. पण १९१७ ची गोष्ट सांगतो. करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर जायचं होतं. राहायला जागा कोण देणार, ही चिंता गुरुजींनाच पडली. त्यांनी ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे सोय लावली. प्राध्यापक तयार झाले, पण घरातून विरोध झाला आणि शब्द मागे आला. पारशी खानावळीत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे कॉलेजचं दार उघडून देणं गुरुजींना जमलं, घराचं दार त्यांच्या शब्दानंही उघडलं नाही. त्या काळाची जात अशी होती.

गुरुजी १९३४ साली गेले. येवल्याची घोषणा १९३५ ची, ती त्यांनी पाहिली नाही. पुढचं सिद्धार्थ कॉलेजही पाहिलं नाही. १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू झालं ते मात्र त्यांच्या हयातीत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे राजाची मर्जी आणि गुरुजींची ओळख नसली तरी मुलाला सरकारी हक्कानं पैसे मिळायची सोय झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उघडलं. त्याचे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना शिकून कामावर जाता यावं. १९५० साली औरंगाबादचं कॉलेज निघालं, तेच मिलिंद. या पायऱ्या मी वाचतो तेव्हा मला ती चर्नीरोडची बाग आठवते.

आपल्या विहारात रविवारी दहावी-बारावीच्या मुलांचे फॉर्म भरून देण्याचं काम चालतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. कुणी म्हणतो हे काय धम्मकार्य? त्यांना मी केळूसकर गुरुजींची ही हकीकत सांगतो. एक कागद कमी पडला म्हणून वर्ष गेलेली मुलं आपल्याच वस्तीत आहेत. आणि मुलीचा फॉर्म बाजूला ठेवून मुलाचा आधी भरायचा, हेही अजून चालतं. ते थांबलं पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ कॉलेजच्याच प्रकाशनातर्फे निघाला. दादा केळूसकरांचं नाव ज्या प्रस्तावनेत होतं, ती त्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती लोकांपुढे आली पुढे बऱ्याच वर्षांनी. ज्यांच्या घरी ग्रंथ आहे त्यांनी ती प्रस्तावना आपल्या प्रतीत आहे का बघावं. नसेल तर विहाराच्या कपाटातल्या प्रतीत आहे, ती येऊन वाचावी.

जयभीम! नमो बुद्धाय!