न्यूयॉर्कच्या कॅफेत नुसरतची कव्वाली गाणारा रॉकस्टार : जेफ बकली

जेफ बकलीचे वडील टिम बकली नावाजलेले गायक, पण त्यांनी घर कधीच सोडलं होतं. बापलेकाची नीट भेट झाली ती एकदाच, जेफ आठ वर्षांचा असताना. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, १९७५ साली, ड्रग्जच्या ओव्हरडोसने टिम गेले. अंत्यसंस्काराला पोराला कुणी बोलावलंही नाही.

१९९१ साली ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये टिमच्या स्मरणार्थ मैफल झाली. जेफ तिथे बापाचीच गाणी गायला. हुकलेला निरोप त्याने असा दिला आणि न्यूयॉर्कला त्याचा आवाज कळला.

पुढे ‘शिने’ नावाच्या छोट्या कॅफेत तो एकटाच गिटार घेऊन बसायचा आणि मध्येच चक्क नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली गायचा. याच दिवसांत कोलंबिया रेकॉर्ड्सने त्याला करारबद्ध केलं.

१९९४ ला ‘ग्रेस’ हा अल्बम आला, पण अमेरिकेच्या यादीत तो १४९ व्या नंबरच्या वर गेलाच नाही. दुसऱ्या अल्बमच्या तयारीत असताना, २९ मे १९९७ ला, मेम्फिसमध्ये जेफ अंगावरच्या कपड्यांनिशीच पाण्यात उतरला आणि बुडाला. वय अवघं ३०. शवविच्छेदनात ड्रग्ज सापडले नाहीत. तो अपघातच होता.

२००८ साली ‘ग्रेस’मधलंच, लेनर्ड कोहेन यांनी लिहिलेलं ‘हालेलुया’ जेफच्या आवाजात अमेरिकेच्या डिजिटल यादीत पहिल्या नंबरवर पोहोचलं. तेव्हा त्याला जाऊन जवळपास ११ वर्षं झाली होती.