द्रवपटलाचे तत्त्व ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ

सांडपाण्यातील जस्त, तांबे यांसारखे धातू वेगळे करण्यासाठी द्रवपटलाचा उपयोग केला जातो. आम्लाचे सूक्ष्म थेंब तेलात घुसळून हे पटल तयार करतात. तेलात मिसळलेले वाहक रसायन पाण्यातील धातूचे कण पकडते आणि थेंबातील आम्लात नेऊन सोडते. या तंत्रामागील मूळ तत्त्व स्कॉटलंडच्या थॉमस ग्रॅहम यांनी १८२९ मध्येच ओळखले होते.

ग्रॅहम यांचा जन्म डिसेंबर १८०५ मध्ये ग्लासगो येथे झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाला मात्र रसायनशास्त्राचा ध्यास लागला होता. वडिलांनी मदत थांबविल्यावर शिकवण्या आणि लेखन करून त्यांनी आपला मार्ग सोडला नाही.

१८२९ मध्ये त्यांनी कोळशाचा वायू अर्धवट भरलेली ओली प्राण्याची पिशवी कार्बन डायऑक्साइडच्या पात्रात ठेवली. काही तासांत ती टम्म फुगली. बाहेरचा वायू पिशवीच्या छिद्रांतील पाण्यात विरघळून आत मोकळा होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजेच वायूची निवड करणारा खरा पडदा पाण्याचा होता.

१८३० मध्ये ते ग्लासगोतील अँडरसन संस्थेत आणि १८३७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. वायूंच्या विसरणाचा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १८४१ मध्ये ते लंडनच्या केमिकल सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. १८५१ मध्ये लंडनच्या पाणीपुरवठ्याची रासायनिक तपासणी करणाऱ्या तिघांत त्यांचा समावेश होता. १८५५ पासून शाही टांकसाळीची धुरा सांभाळतानाही त्यांचे संशोधन खंडित झाले नाही. १८६१ मध्ये चर्मपत्रासारख्या कागदातून क्षार आणि कलिल वेगळे करून त्यांनी अपोहनाची पद्धत मांडली. मूत्रपिंडाच्या रुग्णांवरील डायलिसिसचे नाव आणि तत्त्व तेथूनच आले.

१६ सप्टेंबर १८६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ शतकाने, १९६८ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन ली यांना द्रवपटलाचे पेटंट मिळाले. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही अणुकचऱ्यातील धातू वेगळे करण्यासाठी अशा पटलांवर संशोधन झाले आहे. धातू काढण्याचा विचार ग्रॅहम यांनी केला नव्हता. पण द्रवाचा पातळ थरही निवडक पडदा ठरू शकतो, हे त्यांनी दाखविले. वडिलांचा रोष पत्करून निवडलेल्या वाटेचे हे फलित होते.