थापटण्याची परीक्षा : संत गोरोबाकाका

इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये संतचरित्र बघून काही जण लगेच पान उलटतील. जरा थांबा! वस्तू न फोडता ती आतून चांगली आहे की नाही हे तपासायच्या पद्धती आपण लॅबमध्ये शिकतो. आपल्या मराठवाड्यातल्या एका कुंभाराने अशीच परीक्षा सातशे वर्षांपूर्वी घेतली, आणि तीही चक्क माणसांची!

त्यांचं नाव संत गोरा कुंभार. जन्म इ.स. १२६७ चा मानतात, गाव तेर. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. सातवाहन काळात 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ होती, ती हीच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातही तिचा उल्लेख आहे. त्या काळातल्या मातीच्या मूर्ती आजही तेरच्या म्युझियममध्ये बघायला मिळतात. म्हणजे गोरोबा जन्माला आले तेव्हा त्या गावच्या मातीकामाला हजार वर्षं होऊन गेली होती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. संत म्हणजे पुस्तकातला एक धडा आणि त्याखालचे प्रश्न, एवढीच माझी ओळख. ती बदलली मातीमुळे. मागच्या दिवाळीआधी गुलमंडीजवळच्या कुंभारवाड्यातून मी तयार माती आणली आणि रूमवर छोटे छोटे प्रोजेक्ट सुरू केले. आधी पणती, मग अंगठ्याने दाबून केलेली वाटी, मग मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेला पेनस्टँड. चाकाला अजून हात लावलेला नाही. पण एवढ्यातही कळतं की माती तुमचं सगळं लक्ष मागते. बूड जाड आणि काठ पातळ राहिला की काठ आधी वाळून आकसतो, बूड मागे राहतं आणि मध्ये तडा जातो. माती नीट मळली नाही, तर पुढचं सगळं काम वाया!

म्हणूनच गोरोबांच्या आयुष्यातला सर्वात भयंकर प्रसंग मला आता वेगळा दिसतो. कथा अशी सांगतात की ते विठ्ठलाच्या नामात दंग होऊन पायाने चिखल तुडवत होते. पत्नी संती पाणी आणायला गेली होती. तान्हं मूल रांगत रांगत चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. गोरोबांना पत्ताच नाही! संतीने परत येऊन पाहिलं आणि आकांत केला. पुढे पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळालं, असा कथेचा शेवट आहे. चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावा. पण संतीचा आकांत ही कथा लपवत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तल्लीन होण्याची किंमत कधी कधी घरच्यांना द्यावी लागते. रात्रंदिवस स्क्रीनमध्ये डोकं घालून बसणाऱ्या आपल्या पिढीनेही यावर विचार करायला हरकत नाही.

आता त्या परीक्षेबद्दल. ज्ञानेश्वर, त्यांची भावंडं, नामदेव अशी मंडळी एकदा गोरोबांकडे जमली. गोरोबा वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे 'काका'. पण ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची, म्हणजे हे काका तेव्हा तिशीच्या आतलेच असणार! नामदेव त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, आणि मुक्ताबाई तर जेमतेम सोळा-सतराची. तिनेच काकांना सुचवलं की यातलं कोणतं मडकं कच्चं आहे ते सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं!

या परीक्षेमागे पक्कं सायन्स आहे. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारा, खणखणीत आवाज येतो. बारीकशी चीर असेल तर कंपनं तिथेच अडतात आणि आवाज बद्द येतो. न भाजलेलं मडकंही बद्दच वाजतं. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचे, त्यामागचं तत्त्व हेच. काँक्रीटमधून अल्ट्रासॉनिक लहरी पाठवणं हे त्याचंच पुढचं रूप म्हणता येईल.

पण खरी गोष्ट निकालानंतर सुरू होते. नामदेव तेव्हाच मोठे भक्त म्हणून ओळखले जात होते. सर्वांसमोर झालेला अपमान त्यांना झोंबला. तरीही शेवटी त्यांनी तो निकाल मानला. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत पोचले आणि त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आली.

व्हायवात, इंटरव्ह्यूत, बॅकलॉगच्या यादीत आपल्यालाही कुणीतरी 'कच्चं' म्हणतंच. तेव्हा मातीचा एक गुण आठवावा. न भाजलेलं भांडं पाण्यात टाकलं की विरघळून पुन्हा माती होते आणि त्यातून नवं भांडं करता येतं. साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मातीच्या रचनेतलंच पाणी निघून गेलं, की मग ती परत फिरत नाही. म्हणजे कच्चं असणं हा काही शेवटचा शिक्का नव्हे. फक्त अजून भट्टीत जायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गोरोबाकाकांनी १३१७ मध्ये तेरलाच देह ठेवला. त्यांच्या नावावर थोडेच अभंग आहेत. चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी, आणि त्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. त्यांनी संसार सोडला नाही आणि चाकही सोडलं नाही. कधी धाराशिवकडे जाणं झालं तर तेरला जरूर उतरा. तोवर कुंभारवाड्यातून मूठभर माती आणून एक पणती तरी करून बघा!