भुकेचा हिशेब मांडणारे सुखात्मे

लवळे-पिरंगुटकडच्या कॉलेजात असाल, तर दिवाळीच्या सुमारास मुळशीतली पिवळी झालेली भातखाचरं तुम्ही पाहिली असतील. कापणी सुरू झाली की काही निवडक शेतांत वेगळंच काम चालतं. सरकारी कर्मचारी टेप घेऊन येतात, चिठ्ठी काढावी तसा शेताचा एक तुकडा ठरवतात आणि तेवढाच भात कापून, झोडून त्याचं वजन करतात. हा पीक कापणी प्रयोग. अशा थोड्याशा तुकड्यांवरून मोठ्या भागाचं उत्पन्न काढलं जातं. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत एक मोठं नाव आहे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. तुम्हाला पब्लिक हेल्थमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं असेल, तर या माणसाची गोष्ट वाचाच.

सुखात्मेंचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात झाला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेले. तिथे तेव्हा फिशर, नेमन, एगॉन पिअर्सन अशी मंडळी होती. थोडक्यात, आज तुमच्या स्टॅटच्या पुस्तकात ज्यांच्या नावाच्या टेस्ट आणि थिअरम आहेत, ती माणसं! तिथे १९३६ मध्ये पीएचडी आणि १९३९ मध्ये डीएस्सी मिळवून सुखात्मे परतले आणि कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये शिकवू लागले.

१९४० पासून ते कृषी संशोधन परिषदेत होते. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेने लावायचे. पीक बारा आणे की आठ आणे, हे बघणाऱ्यावर अवलंबून. बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली, त्या दशकात धान्य किती पिकतं याचा भरवशाचा आकडा नसणं किती महाग पडलं असेल, विचार करा. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेच्या जागी नमुना निवड आणि वजनकाटा आणला.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले. तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी जवळपास वीस वर्षं काम केलं. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी किंवा कुपोषित आहेत, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. हा आकडा आला कुठून? सुखात्मेंनी तो नव्याने तपासला. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की पोटाला पुरेसं न मिळणारे १० ते १५ टक्के आहेत; आहाराचा कस कमी असलेलेही धरले तर हा आकडा निम्म्यापर्यंत जातो. भूक आणि निकृष्ट आहार हे दोन वेगळे प्रश्न त्यांनी वेगळे मोजले. आजही ही संघटना दरवर्षी जगातल्या उपाशी लोकांचा अंदाज देते, त्या पद्धतीचं मूळ या कामात आहे.

पुढे जगभर प्रोटीनच्या तुटवड्याची ओरड सुरू झाली. सुखात्मेंचं म्हणणं साधं होतं. भात-वरण, भाकरी-आमटी पोटभर मिळाली तर बहुतेकांना प्रोटीन पुरतं. मुळात जेवणच अपुरं असेल, तर शरीर तेच प्रोटीन इंधन म्हणून जाळतं. मग महागडी पावडर वाटून काय होणार?

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यानंतर पुण्यात त्यांनी खरा वाद ओढवून घेतला. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई रोज २२५० कॅलरी हा निकष धरून गरिबी मोजली होती. सुखात्मे म्हणाले, ही सरासरी गरज आहे. एखाद्या गटातले सगळे ठणठणीत असले, तरी साधारण निम्मे सरासरीच्या खालीच येणार. त्यात एकाच माणसाची गरजही सारखी नसते, शरीर काही मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. दूषित पाण्यामुळे पोट बिघडलेलं असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हेही ते सांगत राहिले.

दांडेकरांना हे पटलं नाही. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांचाही अशा विचाराला कडाडून विरोध होता. गरीब माणूस कमी खातो ते परवडत नाही म्हणून, आणि शरीराने जुळवून घेतलं तरी त्याची किंमत मुलाच्या खुंटलेल्या वाढीत मोजावी लागते, हा टीकेचा गाभा. रेषा खाली आणली की कागदावरचे भुकेले कमी होतात. मग सरकारला हात झटकायला मोकळीकच! ही भीती खोटी नव्हती. पण चुकीची रेषा ओढून खरे गरजू गर्दीत हरवतात, ही सुखात्मेंची काळजीही खोटी नव्हती. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी ते पुण्यात वारले. पुढे केंद्र सरकारने त्यांच्या नावाने सांख्यिकीचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

उद्या प्रोजेक्टसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा उघडाल, तेव्हा कुपोषित मुलांची टक्केवारी तुम्हाला एका क्लिकवर मिळेल. तिथेच थांबू नका. रेषा कुठे ओढली, कोणी ओढली आणि ती थोडी सरकवली तर कोण आत येतं, कोण बाहेर जातं, हे तपासा. कोणत्या मुलाला पोषण आहार मिळणार, हे कदाचित तुमच्या एक्सेल शीटवरूनच ठरणार असेल.